मोरी कुठं टाकायची

जयवंता सरपंच झाली त्या दिवशी गुलालाचं तोंड तसंच घेऊन ती गोठ्यात शेण काढायला गेली. मागनं मोबाईल घेऊन धावलेली पोरं ओरडली, "सरपंचबाई, हसा जरा!"

"म्हस हसंल तवा मी हसन," ती म्हणाली. "व्हा बाजूला, लाथ मारील."

बाई अशी. उंचीला अशी की दारातनं वाकूनच जायची, बोटं आल्याच्या कांड्यासारखी जाड, आणि आवाज असा की वरल्या वाडीतनं हाक मारली तर खालल्या वाडीतला बैल मान वळवायचा. भाताच्या आवणीला तिच्या रांगेत उभं राहायला बाया कचरायच्या. कोणी कंबर सरळ करायला थांबली की हिचं सुरू व्हायचं, "मोडली का गं? जा, नवऱ्याला सांग शेकायला." तिचा स्वतःचा नवरा सदू शेताच्या बांधावर बसून हे ऐकायचा आणि बिडी विझल्याचं निमित्त करून उठून जायचा.

कशेळ्याहून जीप धरली की फाट्यावर उतरायचं आणि मग चालायचं, अशी आमच्या वाड्यांची गत होती. वरली वाडी डोंगराला टेकून, खालली वाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या अंगाला, दोन्हींची ग्रामपंचायत एक. जयवंता खालल्या वाडीत जन्मली आणि वरल्या वाडीत दिली. माहेर आणि सासर यांच्या मध्ये काय होतं, तर म्हसकोंड.

म्हसकोंड म्हणजे पसरट, दलदलीची जागा. डोंगरावरचं सगळं पाणी आधी तिथं यायचं, अंग पसरून बसायचं, आणि मग सावकाश व्हाळाला लागायचं. पावसाळ्यात तिथं म्हशी नाकापर्यंत बुडून राहायच्या. पहिल्या पावसात वलगणीचे मासे पाण्याला उलटे चढायला लागले की दोन्ही वाड्यांची माणसं पाट्या, पाग, जे असेल ते घेऊन तिथंच भांडायची आणि तिथंच एकमेकांना वाटे द्यायची. जागा कोणाची विचारलं तर जुनी माणसं म्हणायची, म्हशींची. कागदावर मात्र ती मुंबईला गेलेल्या एका घराची होती आणि सातबाऱ्याला लिहिलेलं होतं, पडीक.

ती पडीक एका शेठने घेतली. तिथं बंगले बांधायचे, प्रत्येकाला पोहायचा हौद द्यायचा असा बेत. जिथं म्हशी फुकट पोहत होत्या तिथं माणसांना पैसे घेऊन पोहायला बोलवायचं, असं गोदूबाई म्हणायची. गोदूबाई ही जयवंताची शेजारीण, तोंडात दात नाहीत पण चावते कडक.

शेठला घेऊन आला जितेश. हा उपसरपंच. त्याचे डंपर चालतात, आणि भरावाचं काम निघालं की त्याला गावाची प्रगती दिसायला लागते. शेठला पंचायतीची ना हरकत हवी होती, पण त्याहून जास्त हवं होतं ते गावाचं गप्प राहणं. त्यानं गावदेवीला सभामंडप बांधून देतो म्हणून सांगितलं. पक्का, वर पत्रे, खाली फरशी. आणि वाड्यांना डांबरी काय, काँक्रीटचा रस्ता मंजूर होईल, त्यासाठी वर शब्द टाकतो, असंही म्हणाला.

रस्त्याचं नाव काढल्यावर जयवंता विरघळली. निवडणुकीत तिनं एकच गोष्ट कबूल केली होती, रस्ता. आदल्या पावसाळ्यात गोदूबाईचा पाय मोडला तेव्हा तिला दाराच्या फळीवर निजवून फाट्यापर्यंत नेली होती. नेणारे चिखलात घसरत होते आणि म्हातारी वरनं शिव्या देत होती, "सरळ धरा रं मेल्यांनो, अजून जिती हाय मी!" त्या फळीचं एक टोक जयवंताच्या खांद्यावर होतं.

गावकी बसली. आमच्याकडं पंचायत वेगळी आणि गावकी वेगळी. पंचायतीचा ठराव बदलता येतो, गावकीचा नाही. कारण गावकीचा शब्द देवीपुढं नारळ फोडून होतो. दोन्ही बाजूंनी आपापलं बोलायचं, नारळ फोडायचा, आणि त्याचं खोबरं बसलेल्या प्रत्येकानं खायचं. पोटात गेलेलं खोबरं बाहेर काढता येत नाही, तसा शब्दही.

जयवंता उभी राहिली. "मंडप बांधा, बंगले बांधा. पन डोंगराच्या पान्याला वाट सोडा. आनि ते कागदावर लिवून द्या."

पोशाआबा गावकीचे मोठे. सगळं आयुष्य त्यांनी तंटे मिटवण्यात घालवलं होतं. त्यांना राग आला. "देवीपुढं नारळ फोडायचा आनि वर कागद करायचा? म्हंजे देवी खोटी आनि कागद खरा? सरपंच झालीस म्हनून इतकं शिकू नको गं."

शेठ फार नम्र माणूस. तो पुढं आला, नारळावर हात ठेवला आणि म्हणाला, "पाण्याची वाट सोडतो." गावकीनं हात ठेवला, "आमी तुमच्या कामात आडवं येनार नाय." नारळ फुटला. जयवंतानेही खोबरं खाल्लं. चावायला वेळ लावला, पण खाल्लं.

कोणी म्हणेल, खुळी माणसं. लेखी घ्यायला काय झालं होतं? आमच्याकडं सख्ख्या भावांच्या वाटण्या अशाच झाल्यात आणि आजवर कोणी कोर्टात गेला नाही. नारळावर हात ठेवून माणूस खोटं बोलेल हे आमच्या डोक्यातच येत नाही. शेठच्या डोक्यात तो एक कार्यक्रम होता. त्याचे फोटो निघाले, हार झाले, तो गेला.

देवीचा मंडप उभा राहिला आणि डंपर सुरू झाले. म्हसकोंड मुरमानं भरलं, वर लाल माती, भोवती माणसाच्या उंचीचं कंपाउंड. पाण्याची वाट त्या कंपाउंडाच्या आत राहिली आणि आतल्या आत मेली.

रस्त्याची आखणी माघात झाली. इंजिनियर साहेब वयानं लहान, तोंडानं गोड. जयवंता त्याला म्हणाली, "सायेब, हितं रस्त्याखालनं मोरी पायजे. पानी येतं डोंगराचं."

"मला दिसतंय बाई, उतार तसाच आहे," तो म्हणाला. "पण मंजुरीत मोरी धरलेली नाही, कारण कागदावर इथं पाणीच नाही. आता बदल करायला गेलो तर सगळं परत वर जाईल. रस्ता पुढच्या वर्षावर. मग मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगा, थांबवू?"

जितेश तिथंच उभा होता. खालल्या वाडीचे चार बाप्ये होते. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. जयवंतानं फळीचं ते टोक आठवलं असेल, किंवा आपलं कबूल केलेलं. म्हणाली, "करा."

आणि रस्ता झाला. उंच, पांढरा, बैलाच्या पोटाला लागेल इतका भराव घालून. त्याच्यावरनं पहिली जीप आली तेव्हा गोदूबाईला पुढच्या सीटवर बसवलं होतं. महिनाभर सगळी वरली वाडी संध्याकाळी त्या रस्त्यावर जाऊन बसत होती, घरात वाघ असल्यासारखी.

आषाढात झड लागली. डोंगराचं पाणी आलं, म्हसकोंडाकडं वळलं, कंपाउंडाला धडकलं, परत फिरलं, रस्त्याला अडलं आणि मग त्याला दुसरी जागाच उरली नाही. ते वरल्या वाडीत शिरलं. आधी खालच्या आळीच्या गोठ्यांत, मग ओट्यांवर, मग चुलींत. भाताच्या कणग्या खालनं भिजल्या. जयवंताच्या घरात पाणी उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा सदू खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. म्हणाला, "तुजा रस्ता आला गं घरात."

सगळी माणसं कुठं गेली? गावदेवीच्या मंडपात. गावात कोरडी जागा ती एकच होती. पोरंबाळं, कोंबड्या, शेळ्या, गॅसच्या टाक्या, सगळं शेठच्या फरशीवर, शेठच्या पत्र्याखाली.

"सरपंचबाई," गोदूबाई घोंगडीतनं म्हणाली, "लय चांगला हाय गं रस्ता तुजा. पानी बी त्याच्यावरनं जाईत नाय. मान ठेवतं."

लोक हसले. जयवंताही हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण एकटीच हसतोय.

गावकी तिथंच बसली. बाप्ये तापलेले. चला, शेठच्या गेटवर आडवे पडू, कंपाउंड फोडू. जितेश मोबाईल बघत होता. पोशाआबांनी हात वर केला.

"आपुन काय बोललो व्हतो? आडवं येनार नाय."

"आबा, त्यानं वाट सोडली का?" जयवंता म्हणाली. "त्यानं मोडला शब्द."

"त्यानं मोडला म्हनून आपुन मोडायचा? तो मुंबईला ऱ्हातो. देवी आपल्या उशाला हाय."

"मंग शब्द परत करा. ज्याच्यासाठी दिला ते परत करा. ह्यो मंडप उतरवा, पत्रे नेऊन टाका त्याच्या गेटात, आनि मंग फोडू कंपाउंड. देवी काय बोलायची नाय."

गावकीत आजवर कोणी बाईनं इतकं बरोबर बोललेलं नव्हतं. पोशाआबांनाही ते नियमात बसतं हे कळलं, त्यांची मान किंचित हललीही. पण वर पत्र्यावर पाऊस वाजत होता, खाली माणसं बसली होती. मागनं कोणीतरी म्हणालं, "आनि आज निजायचं कुटं?" तिथंच ते संपलं.

पाऊस उघडल्यावर ती कर्जतला कचेरीत जाऊन आली. पाणथळ जागेवर भराव झालाय, अशी तक्रार द्यायला. समोरचा माणूस वाईट नव्हता, त्यानं चहा पाजला. म्हणाला, "बाई, पाणथळ म्हणून ती जागा कुठंच नोंदलेली नाही. आणि ना हरकत पंचायतीचीच आहे. खाली सही तुमची." ती उठली. येताना जीपच्या ड्रायव्हरनं विचारलं, "काकी, बरं नाय का?"

इंजिनियर साहेब परत आला. रस्ता कापून मोरी टाकायला मंजुरी मिळाली होती, एक पाइप. पण टाकायची कुठं? पाण्याच्या जुन्या वाटेवर शेठचं कंपाउंड, तो कबूल नाही. उरली जागा एकच, वळणाची. तिथनं पाणी सुटलं की सरळ खालल्या वाडीत. आणि खालल्या वाडीचं पहिलं घर लडकूचं. लडकू म्हणजे जयवंताचा धाकटा भाऊ.

"सरपंचांनी जागेवर उभं राहून दाखवायचं," साहेब म्हणाला. "नंतर वाद नको."

लडकूविषयी सांगायला हवं. गडी बुटका, काळा, कमरेला आकडीत कायम कोयता. एकदा जितेशच्या डंपरनं त्याचा बांध चेपला तर लडकूनं डंपरची काच फोडली आणि ड्रायव्हरला उतरवून बांध परत घालायला लावला. पोलीस आले तर त्यांनाही म्हणाला, "दोन पाट्या माती तुमी बी टाका." खालली वाडी त्याच्या जिवावर निवांत होती.

जयवंताला राजीनामा द्यावासा वाटला. सदूला म्हणाली तसं. सदू आयुष्यात एकदाच कामाचं बोलला. "दे. मंग जितेश दाखवील मोरी. जागा तीच. लडकू त्याच्यावर कोयता घालील आनि आत जाईल. दे राजीनामा."

जेसीबी आला त्या दिवशी दोन्ही वाड्या रस्त्यावर होत्या. वरल्या वाडीचे बाप्ये नेहमी पुढं असतात, आज मागं उभे होते. जितेश तर पार मागं, स्वतःच्या मोटारसायकलला टेकून. पोशाआबा म्हणाले, "जा, दाखव. सरपंच हायस."

ती वळणाकडं निघाली. पलीकडून लडकू आला. त्याच्या मागं त्याची बायको, पोरं, खालल्या वाडीची माणसं. लडकूचा हात कोयत्याच्या मुठीवर होता. त्याला वाटलं होतं जितेश येईल. पुढं कोण आहे ते दिसल्यावर त्याचा हात खाली आला.

"ताय, तू?"

"मीच."

"दुसरं कोन आलं अस्तं तर आज हितं मुडदा पडला अस्ता."

"म्हनून तर मला धाडली," जयवंता म्हणाली.

हे बोलल्यावर तिचं तिलाच कळलं. तिनं मागं वळून बघितलं. जितेश बघत होता, पोशाआबा बघत होते, सगळी वरली वाडी बघत होती. लडकूला अडवील असं माणूस दोन्ही वाड्यांत एकच होतं, आणि त्यांनी ते पुढं घातलं होतं. कोणी कट केला नव्हता, कोणी ठरवलं नव्हतं. नुसतं सगळ्यांना माहीत होतं.

"घरात तुज्या पान्यात बसले हायत," लडकू म्हणाला. "ते बी खरंच."

"हां."

"आनि हितं घातलीस तर आमी बसू."

"हां."

"मंग?"

तिनं पायानं रस्त्याच्या कडेला एक रेघ ओढली. लडकू त्या रेघेवर उभा होता. तो बाजूला झाला. त्याची बायको मोठ्यानं म्हणाली, "नणंद न्हाय, वैरीन हाय," आणि पोरांना ओढत घरी गेली. जेसीबीनं काँक्रीट उकरायला सुरुवात केली. आवाज इतका की कोणाला काही बोलायला लागलं नाही.

पुढची झड श्रावणात आली. पाणी वळणाला आलं, पाइपातनं सुटलं आणि लडकूच्या खळ्यात घुसलं. तिथनं गोठा, तिथनं पुढची घरं. खालल्या वाडीच्या बायांनी रेतीची पोती आणून मोरीचं तोंड बुजवलं. झालं, वरल्या वाडीत पाणी चढलं. वरले टिकाव घेऊन धावले, पोती ओढून काढली. खालल्यांनी परत बुजवली. पहिल्या दिवशी डोकी फुटली दोघांची, एक इकडचं, एक तिकडचं.

दुसऱ्या दिवशी जयवंता जाऊन मोरीवर उभी राहिली. डोक्याला प्लास्टिकची खोळ, हातात फावडं. "कोनी हात लावायचा नाय. पोती मी काढीन, मीच घालीन."

आमच्याकडं उन्हाळी भाजीला व्हाळाचं पाणी पाळीनं घेतात. आज याच्या वाफ्याला, उद्या त्याच्या. कोणाला शिकवावं लागत नाही, आणि पाळी मोडली तर बाप लेकाशी बोलत नाही. जयवंतानं तीच पाळी लावली, पण बुडायची. वरल्या वाडीत ओट्याला पाणी लागलं की ती पोती काढायची. खालल्या वाडीत लडकूच्या गोठ्यातल्या गाईंच्या गुडघ्याला आलं की घालायची. दोन्हीकडनं फोन. "काकी, चुलीशी आलं, सोडा आता!" "आत्या, बंद कर गं, म्हातारी खाटेवर बसलीय!" ती दोघांनाही म्हणायची, "आलं, आलं. कळतंय मला." पाऊस थांबेपर्यंत ती तिथनं हलत नाही. दुसऱ्या कुणाला उभं केलं तर वरला असेल तर खालले विश्वास ठेवत नाहीत, खालला असेल तर वरले. दोन्हीकडची ती एकटीच आहे.

वर शब्द टाकून झालेत, अर्ज गेलेत, साहेबाची बदली झालीय. पुढच्या निवडणुकीत सरपंचपदाचं आरक्षण बदलेल, ती मोकळी होईल, असं लोक म्हणतात. सदू म्हणतो, "मोरी कुटं मोकळी व्हनार?"

गौरी जेवायच्या दिवशीही पाऊस होता. माहेरवाशिणीला भाऊ न्यायला येतो आमच्याकडं. लडकू आला. घरी गेला नाही, सरळ मोरीवर आला.

"चल ताय. गौरी बसल्यात."

"आनि हितं कोन उभं ऱ्हाईल?"

"मी ऱ्हातो."

"तू ऱ्हायलास तर वरले टिकाव घेऊन येतील. जा तू, पोरं थांबली असतील जेवायला."

लडकू गेला. मोरीवरनं त्याचं अंगण दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. आतली आरती ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं त्याची बायको छत्री घेऊन आली. जेसीबीच्या दिवसापासून ती नणंदेशी बोलली नव्हती. गौरीच्या तिखट जेवणाचं ताट, वडे आणि मटणाचा रस्सा, वर दुसरं ताट उपडं घातलेलं, तिनं मोरीच्या कठड्यावर ठेवलं आणि छत्री त्याच्यावर धरून उभी राहिली.

जयवंता उभ्या उभ्या जेवायला लागली. दोन वडे खाल्ले असतील, तेवढ्यात फोन वाजला. वरल्या वाडीचा.

"आली का तुमची पाळी?" ती तोंडातला घास सांभाळत म्हणाली. "बरं."

तिनं ताट भावजयीच्या हातात दिलं, हात पावसात धुतले आणि पोतं धरून मागं ओढलं. भावजय तिथंच उभी राहून आपल्या घराकडं जाणारं पाणी बघत होती.

"रस्सा गार व्हईल," ती शेवटी म्हणाली.

"तू धर वाईच," जयवंता म्हणाली, आणि दुसऱ्या पोत्याला हात घातला.